बीट विकत घ्यायची की नाही, हे गाण्यावर ठरतं

नाशिकच्या एका मुलाचा प्रश्न आहे. तो मराठीत रॅप लिहितो, पाच गाणी लिहून तयार आहेत. कुरिअरच्या नोकरीतून दीड वर्षात त्यानं १५,००० रुपये बाजूला टाकलेत. यूट्यूबवर त्याला एक बीट, म्हणजे ज्यावर रॅप म्हणायचा ते तयार संगीत, फार आवडली आहे. ती लीजवर ३० डॉलरला मिळते, एक्स्क्लुझिव्ह, म्हणजे पुढे दुसऱ्या कोणाला न विकण्याच्या अटीवर हवी असेल तर ५०० डॉलर. गावातला ओळखीचा प्रोड्युसर म्हणतो, १२,००० दे, तुझ्यासाठी वेगळी करून देतो. मित्र म्हणतात, बीटवर पैसे कशाला घालवतोस, एफएल स्टुडिओ हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर शीक आणि स्वतः बनव. तर यातलं काय करू, असं त्यानं विचारलंय.

उत्तर देण्याआधी एक गोष्ट सांगते. मी पुण्यात गेली १२ वर्षं बीट्स बनवते, विकते आणि इतरांची गाणी मिक्स करते, म्हणजे गायकाचा आवाज आणि बीट एकमेकांत बसवते. म्हणजे बीट विकली गेली की माझं घर चालतं, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. तरीही मी समोर बसलेल्या कित्येकांना "ही घेऊ नका" असं सांगितलेलं आहे, कारण चुकीच्या बीटवर केलेलं गाणं पुढे मिक्सला माझ्याकडेच येतं आणि तेव्हा त्याचं फार काही करता येत नाही.

घ्यावी की नाही, याच्या आधीचा प्रश्न असा की तीस डॉलर देऊन आपण नक्की काय घेतोय. पुष्कळांना वाटतं की पैसे दिले, आता ही बीट माझी. तसं नसतं. लीज या शब्दातच सगळं आलं. आपण खोली भाड्यानं घेतो तेव्हा अकरा महिन्यांचा करार करतो. भिंतीला खिळा ठोकायचा का, पोटभाडेकरू ठेवायचा का, सगळं त्यात लिहिलेलं असतं. बीटचंही तेच आहे, फक्त इथे तीच खोली एकाच वेळी आणखी पन्नास जणांना दिलेली असू शकते आणि त्यात कोणाची फसवणूक नसते. तुमच्या आवडत्या बीटवर धुळ्यात, दिल्लीत, डेट्रॉइटमध्ये कोणीतरी आपली ओळ म्हणतच असेल. गाण्याला हे चालणार आहे का, हे आधी ठरवायचं.

लीजच्या पायऱ्या साधारण अशा असतात. सगळ्यात स्वस्तात एमपीथ्री मिळते. थोडे जास्त दिले की वेव्ह, म्हणजे दर्जा न घटवलेली फाइल, त्याहून जास्त दिले की स्टेम्स, म्हणजे किक आणि स्नेअर हे ड्रमचे ठोके, ८०८ हा खोल बेस, बासरी असं प्रत्येक वाद्य वेगळ्या फाइलमध्ये. त्यावर अनलिमिटेड, म्हणजे स्ट्रीम्सची मर्यादा नसलेली, आणि सगळ्यात वर एक्स्क्लुझिव्ह. प्रत्येक पायरीसोबत एक पीडीएफ येते आणि ती जवळजवळ कोणीच उघडत नाही. किती स्ट्रीम्सपर्यंत परवानगी आहे, किती वर्षं आहे, व्हिडिओ करता येतो का, तिकीट लावून कार्यक्रमात गाता येतं का, प्रोड्युसरचं नाव कुठे आणि कसं लिहायचं, हे सगळं त्यात असतं. इंग्रजी जड वाटलं तर कोणाकडून तरी वाचून घ्या, पण पैसे पाठवण्याआधी.

स्ट्रीम्सच्या मर्यादेला मात्र मुलं उगाच घाबरतात. "ताई, लीजमध्ये ५०,००० चीच लिमिट आहे, पुढे काय?" पुढे काय म्हणजे, तिथवर पोचलात तर त्याच प्रोड्युसरला मेल करून वरच्या पायरीची लीज घ्यायची, बहुतेक जण आनंदानं देतात. स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केलाय की मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम्स झाल्याशिवाय त्या गाण्याचे पैसेच लागू होत नाहीत. पहिल्या गाण्याला तो हजाराचा आकडा गाठणंच अवघड जातं. त्यामुळे सुरुवातीलाच अनलिमिटेडसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. तेच पैसे फाइलच्या दर्जावर घाला.

दर्जावर एवढा जोर का देते, ते सांगते. मागच्या पावसाळ्यात हडपसरचा एक मुलगा एमपीथ्री लीजवरचं गाणं घेऊन आला. आवाज खर्जातला, उच्चार स्वच्छ. गाणं आईवर होतं. दुसऱ्या कडव्यात ती पहाटे डबा भरते ती ओळ यायची, आणि बरोबर त्याच ओळीखाली बीटमध्ये बासरीचा तुकडा होता. बासरी आणि शब्दांची धार दोन्ही साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर चढत होती. माझ्याकडे सगळी बीट एकाच फाइलमध्ये. तिथे इक्यूनं तो पट्टा खाली ओढला तर बासरीसोबत हाय-हॅटही मेला, स्नेअरची टाचही गेली. आवाज वर उचलला तर तो बीटवर तरंगायला लागला, आत बसेना. चार तास गेले. शेवटी मी त्याला म्हटलं, मेल कर, वरचे पैसे भर आणि स्टेम्स माग. दोन दिवसांनी फाइली आल्या. त्या ओळीपुरती बासरी बंद केली, ८०८ एक बार उशिरा आत आणला. वीस मिनिटांत झालं. डब्याच्या ओळीखाली आता फक्त किक आहे आणि त्याचा श्वास ऐकू येतो. तो मुलगा हेडफोन काढून बराच वेळ काही बोलला नाही.

म्हणून माझा नियम असा: सराव करायचा, लोकांना ऐकवून बघायचं, तर एमपीथ्री पुरे. गाणं प्रसिद्ध करायचं तर किमान वेव्ह. ज्या गाण्यात शब्द हेच सगळं आहे त्याला स्टेम्स. आणि यूट्यूबवर शीर्षकात "फ्री" लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ पैसे न कमावता वापरण्यापुरती मोकळीक एवढाच असतो, तीही टॅगसकट, म्हणजे बीटमध्ये मधेमधे ऐकू येणाऱ्या प्रोड्युसरच्या नावासकट. तो टॅग तुमच्या सगळ्यात चांगल्या ओळीवर येऊन पडतो.

लीजमधली खरी अडचण कंटेंट आयडीची, म्हणजे नोंदवलेला आवाज दुसऱ्यांच्या व्हिडिओत आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेची. गाणं स्पॉटिफाय, यूट्यूबवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे चढवताना एक खूण करायची जागा येते: यूट्यूब कंटेंट आयडीमध्ये नोंदवायचं का? पैसे मिळतील असं वाटून मुलं हो म्हणतात. पण कंटेंट आयडीत फक्त तोच ध्वनी नोंदवता येतो ज्याच्यावर आपला एकट्याचा हक्क आहे. लीजची बीट पन्नास जणांकडे असेल, तर तुम्ही नोंदवलेल्या गाण्यामुळे बाकी सगळ्यांच्या व्हिडिओवर क्लेम, म्हणजे हक्काचा दावा जातो, आणि त्यांच्यातल्या एखाद्यानं हीच चूक केली तर तुमच्यावर येतो. लीजची बीट असेल तर तिथे नाही म्हणा. आणि लीजची पीडीएफ, पैसे भरल्याची पावती, मेल हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. उद्या क्लेम आला तर डिस्प्यूटमध्ये तेच दाखवायचं असतं.

आता एक्स्क्लुझिव्ह. ५०० डॉलर म्हणजे चाळीस हजारांच्या वर, ते तुमच्या बजेटात बसतच नाही, तरी बोलते, कारण गैरसमज याच शब्दाभोवती जास्त आहेत. तुम्ही एक्स्क्लुझिव्ह घेतलीत म्हणजे आजपासून ती दुसऱ्या कोणाला विकली जाणार नाही. आधी लीजवर गेलेल्या मात्र त्यांच्या करारानुसार चालूच राहतात. त्यामुळे घेण्याआधी विचारायचं: आजवर ही किती जणांना दिली आहे? दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: यात सॅम्पल, म्हणजे दुसऱ्या ध्वनिमुद्रणातून घेतलेला तुकडा, कुठलं आहे? स्प्लाइससारख्या वेबसाइटवरचे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचे तयार तुकडे, कायदेशीररीत्या वापरता येतात, पण तोच लूप जगात कोणीही वापरू शकतो. मग बीट एक्स्क्लुझिव्ह असली तरी तिच्यातली ओळखीची धून एक्स्क्लुझिव्ह नसते. आणि जुन्या रेकॉर्डमधून न विचारता उचललेला तुकडा असेल तर गाणं चालल्यावर खरा हिशोब सुरू होतो.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण "ओल्ड टाउन रोड". अमेरिकी रॅपर लिल नॅस एक्सनं ती बीट ऑनलाइन ३० डॉलरला घेतली, तुम्हाला सांगितलेल्या किमतीलाच. बनवणारा यंगकिओ, नेदरलँड्सचा तरुण प्रोड्युसर. त्यात बँजोसारखा वाजणारा जो तुकडा आहे, तो नाइन इंच नेल्स या बँडच्या २००८ सालच्या ध्वनिमुद्रणातला. गाणं मोठं व्हायला लागल्यावर त्या सॅम्पलची रीतसर परवानगी घ्यावी लागली आणि त्या बँडच्या ट्रेंट रेझनर व ॲटिकस रॉस यांची नावं गीतकार-संगीतकारांमध्ये आली. २०१९ मध्ये ते गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या यादीवर सलग १९ आठवडे पहिलं राहिलं. लोक ही गोष्ट सांगताना ३० डॉलरवर थांबतात. मी ती सांगते सॅम्पलसाठी. तिथे गाण्यामागे मोठी कंपनी उभी राहिली, वकील आले, प्रश्न सुटला. आपल्यामागे कोणी उभं नसतं. म्हणून प्रोड्युसरकडून एक ओळ लिहून घ्यायची: या बीटमध्ये परवानगी न घेतलेलं कोणतंही सॅम्पल नाही, निघालं तर जबाबदारी माझी.

आता तुमच्या गावातल्या प्रोड्युसरकडे येते. माझा कल तिकडे आहे. कारण सांगते.

टाइप बीट, म्हणजे अमुक कलाकाराच्या धाटणीची म्हणून यूट्यूबवर ठेवलेली तयार बीट, कोणासाठी बनते? एखाद्या प्रसिद्ध कलाकाराचं नाव शोधणाऱ्यासाठी. त्यामुळे तिची पट्टी, लय, कुठे थांबायचं, हे सगळं त्या कलाकाराच्या गळ्यावर आणि भाषेवर बेतलेलं असतं. तुमचा गळा काळी एकचा आणि बीट भलत्याच पट्टीत, तर रॅप निभावून जाईल, पण हुक, म्हणजे गाण्याचं ध्रुवपद गायला गेलात की आवाज तरी ताणतो, नाहीतर बसतो. शिवाय आपली भाषा. मराठीत वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं. मग यमक जातो, येतो, होतो, आहे यावरच पडत राहतं. चांगले लिहिणारे शब्द फिरवून ते मोडतात. पण शब्द फिरवले की दम घेण्याची जागाही बदलते आणि तयार बीट त्या जागेसाठी थांबत नाही. समोर बसलेला प्रोड्युसर थांबतो. तो म्हणतो, ही ओळ परत म्हण, इथे मी स्नेअर काढतो.

तालाचंही आहे. बाजारातल्या बहुतेक बीट्स चाराच्या चौकटीत. आपल्या हलगीच्या, संबळाच्या, ढोलकीच्या पुष्कळ चाली तिनाच्या अंगानं झुलतात. ते झुलणं तयार लूप चिकटवून येत नाही. दोन वर्षांपूर्वी एका गाण्यासाठी मी कोल्हापूरकडच्या एका हलगीवाल्या मामांना बोलावलं. पावसाळी हवा, कातडं सैल पडलेलं, आवाज भद्द येत होता. मामा म्हणाले, शेकल्याशिवाय बोलायची नाही ती. आम्ही गच्चीवर गेलो, पत्र्याखाली वर्तमानपत्रं पेटवली. त्यांनी हलगी जाळावर फिरवली, बोटानं टिचकी मारून बघितलं, परत फिरवली. खाली येऊन वाजवेपर्यंत जेमतेम सात-आठ मिनिटं तो कडक आवाज टिकायचा, मग पुन्हा वर. तीन फेऱ्यांत दोन टेक मिळाले. त्या दोन टेकवर जे गाणं झालं त्याच्यासारखं दुसरं गाणं कुठे नाही, कारण ती हलगी दुसऱ्या कोणाकडेच नाही. मामांचे पैसे आधी दिले होते. त्यांचं नाव क्रेडिटमध्ये आहे आणि वाजवलेलं कुठे वापरणार याचा कागदही केला. असं कोणाला बोलवाल तर हे कराच. वादकाचाही त्याच्या वादनावर कायद्यानं हक्क असतो.

ओळखीचा आहे म्हणून कागद नको, असं मात्र समजू नका. उलट ओळखीत जास्त हवा. मी नवीन होते तेव्हा एका गायकाला तोंडी बोलण्यावर चाल आणि बीट करून दिली. व्हॉट्सॲपवर "ठरलं मग" एवढंच. पुढे एका छोट्या कंपनीनं ते गाणं चढवलं आणि संगीतकाराच्या जागी कंपनीचंच नाव होतं. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. त्या गाण्यातून मला आजवर एक रुपया आलेला नाही. पण माझं नाव तिथे नाही, याचं दुःख मला पैशांपेक्षा जास्त आहे.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा याबाबत स्पष्ट आहे. हक्क कोणाच्या नावे करून द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी हवं. वापरण्याची परवानगीही लेखी हवी. किती काळासाठी हे लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरली जातात, कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारत. आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर मिळालेला हक्क वर्षभर न वापरल्यास तो संपतो. म्हणजे नाशिकच्या प्रोड्युसरकडून तुम्ही पूर्ण पैसे मोजून बीट घेतलीत, कागदावर "सर्व हक्क दिले" एवढंच लिहिलंत, तर सहाव्या वर्षी आणि दुबईत तुमचं गाणं कोणाचं, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून "कायमस्वरूपी, जगभरासाठी" हे शब्द लिहायचेच. दोघांच्या सह्या, तारीख, रक्कम, बीटचं नाव, प्रत्येकाचा वाटा. एक पान पुरतं, मराठीत लिहिलं तरी चालतं.

वाट्याबद्दल. बीट बनवणारा हा कायद्याच्या भाषेत त्या गाण्याचा संगीतकार असतो, तुम्ही गीतकार. रचनेच्या रॉयल्टीत निम्मा त्याचा आणि निम्मा तुमचा, ही सर्वसाधारण रीत आहे. लीजच्या करारांतही बहुधा हेच दिसतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार आपला रॉयल्टीचा हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कोणाला देऊन टाकू शकत नाहीत. त्यामुळे "पैसे दिले, आता तुझा काही संबंध नाही" असं त्याच्याकडून लिहून घेऊ नका, ते योग्यही नाही. दोघांनीही आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचं, सभासदत्व घ्या. शब्द लिहिणाऱ्या रॅपर मुलांना हे ठाऊकच नसतं की गीतकार म्हणून ते तिथे बसतात.

"स्वतःच शीक" म्हणणाऱ्या मित्रांचं काय? थोडं शिकाच. स्टेम्स उघडता येणं, चार बार कापून पुढे नेणं, हुकच्या आधी ड्रम बंद करणं, एवढं एफएल स्टुडिओवर महिन्याभरात जमतं आणि आयुष्यभर उपयोगी पडतं. पण पूर्ण बीट स्वतः करायची, हा दुसराच व्यवसाय आहे. माझ्या पहिल्या दोन वर्षांतली एकही बीट मी आज कोणाला ऐकवत नाही. तुमची पाच गाणी लिहून तयार आहेत, नोकरी आहे, हातात संध्याकाळचे दोन तास. ते दोन तास लिहिण्याला द्यावेत असं मला वाटतं. बीट करण्यातच तुमचं मन रमत असेल तर गोष्ट वेगळी, मग कोणाचंच ऐकू नका.

तर तुमच्या १५,००० चं मी असं करेन. पाचही गाणी एकदम काढायची नाहीत. त्यातलं एक असं निवडा जे वर्षभरानं नाही ऐकलं गेलं तरी तुम्हाला फारसं वाईट वाटणार नाही. त्यासाठी ती ३० डॉलरची लीज घ्या, त्या किमतीत वेव्ह येते का ते आधी बघा. साधारण अडीच हजार जातील. रेकॉर्डिंग, मिक्स, चढवणं, क्लेम, आकडे, सगळ्यातून एकदा जाऊन या. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की तिसरं गाणं वडिलांच्या द्राक्षबागेवर आहे. ते लीजवर करू नका. ते गावातल्या प्रोड्युसरकडे न्या आणि १२,००० ऐवजी ८,००० आता, ध्वनिमुद्रणाच्या कमाईत वीस टक्के वाटा पुढे, असं बोलून बघा. ज्याला गाण्यावर विश्वास आहे तो बहुधा ऐकतो. तो नाहीच ऐकला तर त्याच्या आधीच्या दोन बीट्स मागून ऐका आणि मग ठरवा. उरलेल्या साडेचार हजारांत दोन्ही गाण्यांचे मिक्स बसवायचे आहेत, तेवढे राखून ठेवा, बीटवर उडवू नका. बाकीची दोन गाणी थांबू देत. पाचव्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, त्यामुळे मीही बोलत नाही.

आणि प्रोड्युसरकडे जाण्याआधी एक काम घरी करा. बागेच्या गाण्याचा हुक फोनवर रेकॉर्ड करा, खाली कुठलीही बीट न लावता, नुसत्या टाळीवर. तीन वेळा, सकाळी, दुपारी, रात्री. ज्या पट्टीत तो तिन्ही वेळा आपसूक आला असेल ती हार्मोनियमवर शोधून काढा आणि कागदावर लिहा. टाळीचा वेगही मोजून ठेवा. प्रोड्युसरसमोर पहिल्यांदा बसाल तेव्हा कुठल्या कलाकारासारखी बीट हवी ते सांगू नका, ती टाळीवरची फाइल लावा.